फ्लूनेट: साडेतीन स्टार, दीड स्टार स्कॉटलंडमुळे कापलाय

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही की सायंटिस्ट नाही, पुण्यात सिंहगड रोडला आमचं मेडिकल आहे, दुकान बाबांचं, मी बी फार्म करून त्यातच बसलो. आणि हा रिव्ह्यू ज्याचा आहे ती गोष्ट विकतही मिळत नाही. डब्ल्यूएचओची फ्लूनेट म्हणून एक साइट आहे, कुठल्या देशात कुठल्या आठवड्यात कुठल्या जातीचा फ्लू किती सापडला ते तिथे दिसतं, १९९७ पासून चालू आहे. लोक मिक्सर घ्यायच्या आधी पन्नास रिव्ह्यू वाचतात, म्हटलं याचाही एक मराठीत असू दे. चार वर्षं झाली, जूनपासून गणपती विसर्जनापर्यंत मी ती दर आठवड्याला उघडतो, घरचे म्हणतात शेअर मार्केट बघत बसलाय.

उघडतो ते धंद्यापायी, खोटं कशाला बोलू. ओसेल्टामिविर, म्हणजे फ्लूवरचं औषध, लोक ज्याला सरसकट टॅमीफ्लू म्हणतात ते, त्याचं गणितच वेगळं आहे. वर्षातले आठ-नऊ महिने एक स्ट्रिप हलत नाही आणि मग एकाच आठवड्यात आजूबाजूच्या चारही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तेच घेऊन येतात, स्टॉकिस्टला फोन करावा तर "शॉर्ट आहे साहेब, परवा बघतो". आता परवा मिळून पेशंटला काय उपयोग, ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत चालू केलं तर त्याचा खरा फायदा. ७५ मिलिग्रॅमच्या दहा कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, म्हणजे एका माणसाला एक स्ट्रिप. एका वर्षी मी घाबरून दोन बॉक्स जास्त भरले तर पाऊस सरला तरी निम्मा माल तसाच, एक्सपायरीला आल्यावर रिटर्न घेताना स्टॉकिस्टच्या पोरानं जे तोंड केलं ते अजून आठवतं. तेव्हा ठरवलं की अंदाजपंचे दाहोदर्से बंद, कुठेतरी आकडा बघून ऑर्डर द्यायची.

तर साइटवर काय दिसतं. देश निवडायचा, वर्ष निवडायचं, की आठवड्यागणिक उभे रंगीत बार येतात. एकेक रंग म्हणजे एकेक व्हायरस, एच१एन१ चा वेगळा, एच३ चा वेगळा, इन्फ्लुएंझा बी चा वेगळा. किती नमुने तपासले आणि त्यातले किती पॉझिटिव्ह तेही मिळतं. पैसे नाहीत, सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो. पहिल्या वर्षी मी नुसती बारची उंची बघत होतो आणि तिथेच फसलो, बार वाढला की फ्लू वाढला असं मला वाटायचं. तसं नसतं हो. समजा एका आठवड्यात हजार नमुने तपासले आणि पन्नास निघाले, पुढच्या आठवड्यात दोनशेच तपासले आणि तरी पन्नास निघाले, बारची उंची तीच, पण पहिल्यात शंभराला पाच आणि दुसऱ्यात शंभराला पंचवीस! म्हणून टक्का बघायचा, आकडा नाही. एवढं कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

दुसरी गोष्ट, शेवटचे दोन-तीन बार नेहमी बुटके दिसतात. साथ ओसरली म्हणून नाही, लॅबांचे आकडे मागाहून येत राहतात म्हणून, पुढच्या आठवड्यात बघितलं की तेच बार उंच झालेले असतात. नवीन माणूस इथे हमखास चुकतो.

व्हायरसची जात कळते हे मात्र मला फार आवडतं. आमच्याकडे रोज कोणीतरी आजोबा विचारतात, "काय हो, तो स्वाइन फ्लू गेला ना एकदाचा?" तर गेला नाही आजोबा, राहायलाच आला. साइटवर त्याचं नाव एच१एन१ पीडीएम०९ असं लावलेलं असतं, पीडीएम म्हणजे पँडेमिक आणि ०९ म्हणजे २००९, जन्मसाल नावातच. आता तो दरवर्षीच्या हंगामी फ्लूमधला एक झालाय. आणि उलटं बघा, इन्फ्लुएंझा बी चा यामागाटा नावाचा एक प्रकार होता, त्याची खात्रीशीर नोंद मार्च २०२० नंतर जगात कुठेच झालेली नाही. त्या कॉलममध्ये नुसता शुकशुकाट. म्हणूनच डब्ल्यूएचओनं लसीतून तो काढायला सांगितला आणि चार प्रकारांच्या जागी तीन प्रकारांची लस आली. आमच्या फ्रिजमधला बॉक्स बघून गिऱ्हाईक म्हणतं "आधी चार होते आता तीनच, भाव तर कमी नाही केला", मी त्यांना सरळ मोबाइलवर तो रिकामा कॉलम दाखवतो. भावाचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता २००९ मध्ये जे पुण्यात होते त्यांना हे सगळं का महत्त्वाचं ते वेगळं सांगायला नको. ११ जूनला डब्ल्यूएचओनं जागतिक साथ जाहीर केली तेव्हा आम्हाला ती बातमी मेक्सिकोची वाटली होती. ३ ऑगस्टला पुण्यातली १४ वर्षांची मुलगी गेली, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू, आणि काही दिवसांत शहराची कळाच बदलली. शाळा बंद, थिएटरं बंद, मॉल बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. मी तेव्हा कॉलेजात होतो, बाबांना मदतीला बसायचो. मास्क संपले, मग रुमाल, मग रुमालावर निलगिरीचं तेल, मग कोणीतरी सांगितलं कापूर आणि वेलचीची पुरचुंडी हुंगायची, तर कापूर संपला. आणि ज्यासाठी लोक येत होते ते औषध आम्हाला ठेवायचीच परवानगी नव्हती, सुरुवातीला फक्त सरकारी दवाखान्यातून मिळायचं, मग शेड्यूल एक्सचं, म्हणजे सगळ्यात कडक नियमांच्या औषधांचं, लायसन असलेल्या मोजक्या दुकानांतून. २०१७ मध्ये ते एच-वन नावाच्या जरा सैल यादीत आणलं तेव्हा कुठे आमच्यासारख्यांच्या कपाटात आलं. त्या ऑगस्टमध्ये बाबा दिवसभर एकच वाक्य बोलत होते, "आमच्याकडे नाही, नायडूला जा." कोणाला किती झालाय, कुठल्या भागात आहे, काहीच कळत नव्हतं, टीव्हीवर आकडा यायचा आणि बाबा तो बिलाच्या पाठीमागे लिहून ठेवायचे.

आणि गंमत म्हणजे तपासणी आमच्याच गावात होत होती. एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, आंबेडकर रोडवरची. १९५२ ला सुरू झाली, आणि ज्या जागतिक नेटवर्कमधून फ्लूनेटला आकडे येतात तेही १९५२ चंच. देशाच्या आकड्यांत एनआयव्हीचा मोठा वाटा आहे, त्यामुळे साइटवर भारताच्या आकड्यांची रांग बघताना जरा छाती फुगते. पुणेकर आहे, फुगणारच.

पण आता रडगाणं. भारताची ही रांग एकच आहे. संपूर्ण देशाची एक! श्रीनगरला फ्लू येतो तो हिवाळ्यात, आमच्याकडे मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि एक बारकी जानेवारी ते मार्च. या सगळ्यांची बेरीज करून जो आलेख निघतो तो धड काश्मीरचा नाही आणि धड कोथरूडचा नाही. आणि हे नियमानं असंच असतं म्हणावं तर तसंही नाही, युनायटेड किंगडमला मात्र इंग्लंड वेगळं, वेल्स वेगळं, स्कॉटलंड वेगळं. स्कॉटलंडची लोकसंख्या साधारण पंचावन्न लाख. महाराष्ट्राची २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख. एकट्या आमच्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख. तरी एडिनबराच्या केमिस्टला स्वतःची रांग आणि मी बसलोय अख्ख्या देशाच्या बेरजेत माझा सिंहगड रोड शोधत. दीड स्टार इथे कापला.

याचा जास्त राग कधी आला सांगतो. १९१८ च्या साथीबद्दल वाचत होतो, आमची पणजी त्याला मानमोडी म्हणायची, तापात मान टाकायची माणसं म्हणून असेल. १० जून १९१८ ला मुंबईत सात पोलीस शिपाई आजारी पडून हॉस्पिटलात आले, त्यातला एक गोदीवर ड्यूटीला होता. ती पहिली लाट त्या मानानं सौम्य, दुसरी सप्टेंबरात उठली, ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली, आणि रेल्वेनं ती आत देशभर पसरली. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटलेली निघाली, असं आपल्याकडे त्याआधीही झालं नाही आणि नंतरही नाही. तर अभ्यासकांनी अलीकडे त्या काळचे २१३ जिल्ह्यांचे आठवड्या-आठवड्याच्या मृत्यूंचे अंदाज मांडून बघितले, आणि त्यातून दिसलं की लाट पश्चिमेकडून पूर्वेकडे जाता जाता मंद होत गेली, तिचा जोरही कमी होत गेला. म्हणजे विचार करा, शंभर वर्षांपूर्वी बोरू-दौतीच्या जमान्यात जिल्हावार नोंद कागदावर होती, आणि मी फोनवर बघतोय तर एक देश एक बार. फ्लूनेट बनवणाऱ्यांची यात चूक नाही, देश जसा आकडा देतो तसा ते लावतात, पण स्टार मी त्यांचेच कापणार, दुसऱ्या कोणाचे कापू.

मग राज्याचं कुठे बघायचं तर एनसीडीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या रोग नियंत्रण केंद्राचा, तक्ता असतो, राज्यवार एच१एन१ च्या केसेस आणि मृत्यू. पण तो वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या बेरजेचा. मी काय करतो, नवीन तक्ता आला की महाराष्ट्राचा आकडा डायरीत लिहितो आणि त्यातून मागचा वजा करतो, अगदी रिक्षाच्या मीटरसारखं. जुने आकडे बघून मात्र जीव दडपतो. २००९ ची ती सगळी भीती, त्या वर्षी देशात २७,२३६ केसेस आणि ९८१ मृत्यू. आणि २०१५ ला ४२,५९२ केसेस, २,९९० मृत्यू! तिप्पट माणसं गेली, पण थिएटरं काही बंद झाली नाहीत आणि कापूरही संपला नाही. २०१७ ला परत २,२७०.

या आकड्यांवरून एक फॉरवर्ड फिरत असतो की स्वाइन फ्लूनं शंभरात सात जण दगावतात, २०१५ चा भागाकार केलेला असतो, सात टक्के येतातही. पण हा भागाकारच लंगडा आहे. सरकारी नियमात पेशंटच्या तीन कॅटेगऱ्या असतात, ए म्हणजे साधा ताप-खोकला, घरी बसा, टेस्ट नको, बी ला गरज वाटली तर डॉक्टर ओसेल्टामिविर देतात पण टेस्ट नकोच, आणि सी म्हणजे धाप लागलेली, छातीत दुखणारं, ॲडमिट करा आणि टेस्ट करा. म्हणजे मोजले जातात ते मुख्यतः सी वाले. माझ्या काउंटरवर शिंकत उभे असलेले ए वाले कुठल्याच तक्त्यात नाहीत. भागाकारात खाली सगळे आजारी घेतले तर टक्का कितीतरी खाली येईल.

मध्यंतरी गूगलनं यावर एक शक्कल लढवली होती, लोक ताप-खोकला काय सर्च करतात त्यावरून फ्लू सांगायचा, गूगल फ्लू ट्रेंड्स, २००८ ला आलं. २००९ ची अमेरिकेतली पहिली लाट त्याला नीट दिसली नाही आणि २०१२-१३ च्या हिवाळ्यात प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट दाखवलं. २०१५ ला बंद. लोक घाबरून सर्च करतात की आजारी पडून, हे मशीनला काय कळणार, आम्हाला काउंटरवर समोर बघूनही कळत नाही.

आता कामाचं. माझ्याकडे माझं स्वतःचं फ्लूनेट आहे, एच-वन रजिस्टर. ओसेल्टामिविर विकलं की पेशंट, डॉक्टर, औषध, किती दिलं हे लिहावंच लागतं आणि रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. मी ते आठवड्यावार मोजून फ्लूनेटच्या शेजारी मांडतो. तीन पावसाळ्यांचं बघितलं तर माझं रजिस्टर साधारण दोन आठवडे आधी हलतं, फ्लूनेट मागून येऊन सांगतं की होय, हा फ्लूच होता आणि अमुक जातीचा होता. २०२३ च्या जानेवारी-मार्चला खोकल्याच्या औषधानं कपाटं रिकामी झाली, लोक म्हणत होते कोविड परत आला, साइटवर एच३ चा रंग चढलेला दिसत होता. एच३एन२ निघाला. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेनंही तेव्हा सांगितलं होतं की ताप तीन दिवसांत जाईल, खोकला तीन आठवडेही टिकू शकतो, उगाच अँटिबायोटिक घेऊ नका. तरी काउंटरवर रोज तेच, "अझी पाचशे द्या, तीन गोळ्या, मला माहितीये कशी घ्यायची ते." चिठ्ठी मागितली की राग. एका काकूंना आलेख दाखवला, म्हटलं हा व्हायरस आहे, अझीनं जात नाही. त्या म्हणाल्या, "तुमचं मशीन काय म्हणतं ते राहू द्या, मागच्या वेळी मला तिसऱ्या दिवशी बरं वाटलं होतं." तिसऱ्या दिवशी बरं वाटणारच होतं काकू!

कोणी वापरावं? केमिस्टनं, घरी म्हातारं माणूस किंवा दमा असलेलं कोणी असेल त्यानं, लस कधी घ्यायची ते ठरवायला. मागच्या चार-पाच वर्षांचे बार शेजारी ठेवून बघा, जुलैची चढण दिसते, म्हणजे लस मे-जूनमध्येच घेतलेली बरी, अंगात तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. आज माझ्या सोसायटीत फ्लू आहे का, हे बघायला मात्र उघडू नका, ते तिथे मिळणार नाही. मोबाइलवर बारचे आकडे बोटाखाली झाकले जातात, कॉम्प्युटरवर बघा.

या आठवड्यात माझ्या रजिस्टरला तीन नोंदी झाल्यात, मागच्यात एकही नव्हती. साइटवर भारताचा शेवटचा बार अजून बुटका आहे. सकाळी सहा स्ट्रिप सांगितल्यात, स्टॉकिस्ट म्हणाला आज आहेत.