सानरिकू किनाऱ्याची सहल आखण्याची साधनं: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जपानच्या ईशान्येला, आओमोरीतल्या हाचिनोहेपासून इवाते ओलांडून मियागीपर्यंत पसरलेला दंतुर किनारा म्हणजे सानरिकू. तोक्यो-क्योतोच्या सहलीला गूगल मॅप्स, एक रेल्वे पास आणि सुईका (टेकवून भाडं भरायचं प्रीपेड) कार्ड एवढं पुरतं. इथे या तिन्ही गोष्टी अर्ध्या वाटेवर साथ सोडतात. आखणीपासून प्रत्यक्ष प्रवासापर्यंत काही महिने वापरल्यावर कोणतं साधन कुठे कामाला येतं आणि कुठे फसवतं, ते इथे लिहीत आहे. मुख्य मुद्दा आधीच सांगते: ठिकाणांची यादी करून मग गाड्या शोधायला जाऊ नका. गाड्यांचं वेळापत्रक समोर ठेवा आणि त्यात बसतील तेवढीच ठिकाणं घ्या.

याचं कारण भूगोलात आहे. मियाकोच्या दक्षिणेला समुद्र दऱ्यांमध्ये शिरला आहे आणि कोकणातल्यासारखं प्रत्येक खाडीला वळसा घालत जावं लागतं. मियाकोच्या उत्तरेला जमीन वर उचलली गेली आहे. तिथे सरळसोट कडे आहेत, त्यांच्या माथ्यावर पठार आणि पायथ्याशी छोटी बंदरं. त्यामुळे नकाशावर स्टेशनपासून जवळ वाटणारं ठिकाण प्रत्यक्षात दोनशे मीटर उंचावर असू शकतं. तानोहाता स्टेशन आणि कितायामाझाकी हे त्याचं ठळक उदाहरण. अंतर पाहून 'चालत जाऊ' असं ठरवणाऱ्याचा अख्खा दिवस त्यात जातो.

गूगल मॅप्स रेल्वेसाठी चांगलं आहे, गावच्या बससाठी भरवशाचं नाही. नगरपालिकेच्या छोट्या बस त्यात दिसतीलच असं नाही आणि 'मार्ग नाही' याचा अर्थ 'बस नाही' असाही नाही. त्याहून त्रासाची गोष्ट वेगळीच. दिवसाची शेवटची गाडी गेलेली असेल तर ते तसं ठळकपणे सांगत नाही, गुपचूप दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी जोडून देतं. म्हणून एकूण वेळ बघून थांबू नका. मार्ग उघडा आणि प्रत्येक टप्प्याची निघण्याची वेळ, तारीख आणि मधला थांबा वाचा. सहा तासांच्या प्रवासात चार तास फलाटावर बसणं असेल तर ते तिथेच कळतं.

नॅव्हिटाईमचं परदेशी प्रवाशांसाठीचं ॲप या बाबतीत उजवं वाटलं. आपल्याकडचा पास त्यात निवडता येतो आणि त्या पासात न बसणारा टप्पा वेगळा दिसतो. जुन्या प्रवासवर्णनांत हायपरडिया या वेळापत्रकाच्या संकेतस्थळाची शिफारस सापडेल, पण त्याची वेळापत्रक सेवा २०२२ मध्ये बंद झाली. तिथे लिहिलेल्या वेळा उतरवून घेऊ नका.

दोन्ही ॲप्सवर एक मर्यादा आहेच. जपानमधल्या रेल्वेचं वेळापत्रक दर वर्षी मार्चच्या मध्याला बदलतं. जानेवारीत बसून एप्रिलची सहल आखली तर जुन्या वेळा नव्या तारखेवर दिसू शकतात. त्यामुळे साचा आधी करावा आणि वेळा मार्चनंतर पुन्हा तपासाव्यात. बसच्या बाबतीत कंपनीच्या संकेतस्थळावरची पीडीएफ उतरवून फोनच्या भाषांतर ॲपमधून वाचणं हाच खात्रीचा उपाय. तिथे कामकाजाच्या दिवसांचं आणि शनिवार-रविवार-सुट्टीचं असे दोन तक्ते असतात. आपली तारीख जपानमधली सार्वजनिक सुट्टी तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय चुकीचा तक्ता हातात पडतो.

आता या किनाऱ्याचा कणा, म्हणजे सानरिकू रेल्वेची रिआस लाईन. कुजी ते साकारी हा १६३ किलोमीटरचा मार्ग. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत किनाऱ्यावरची रेल्वे ठिकठिकाणी वाहून गेली. मियाको ते कामाइशी हा जेआरचा (जपान रेल्वेजचा) तुकडा पुन्हा बांधून या कंपनीकडे दिला गेला आणि २३ मार्च २०१९ ला सलग मार्ग सुरू झाला. गाड्या डिझेलवर, एक-दोन डब्यांच्या. सलग बसलं तर साधारण साडेचार तास लागतात: कुजी-मियाको ७१ किलोमीटरना पावणेदोन तासांच्या आतबाहेर, मियाको-कामाइशीला दीड तासाच्या आसपास आणि उरलेल्याला तासाभराहून थोडं कमी. गाड्यांमध्ये तास-दोन तासांचं अंतर सहज असतं. एखाद्या स्टेशनवर उतरलात तर पुढची गाडी कधी, ते उतरण्याआधी माहीत हवं.

चढताना मागच्या दाराजवळच्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. पुढच्या फलकावर त्या क्रमांकाखाली भाडं दिसतं. उतरताना चिठ्ठी आणि सुटे पैसे चालकाजवळच्या पेटीत टाकायचे. सुईका चालत नाही. पेटीजवळ सुटे मिळतात, पण हजार येनच्या नोटेचे. दहा हजारांची नोट घेऊन चढलं तर चालक आणि मागची रांग दोघांचाही खोळंबा होतो.

एक गोष्ट आधीच माहीत असावी: हा 'किनाऱ्यावरून जाणारा' मार्ग बराचसा बोगद्यांतून जातो. समुद्र तुकड्यातुकड्यांनी दिसतो. कुजीहून दक्षिणेला जाताना तो डाव्या हाताला असतो, म्हणून डावीकडची जागा धरा. नोदा-तामागावा ते शिराई-काइगान हा पट्टा सगळ्यात देखणा. होरीनाई स्टेशनच्या अलीकडे आक्का नदीचा पूल आणि पलीकडे ओसावा पूल लागतो. तेवढ्या वेळात फोनमध्ये डोकं घालू नका.

पासचा हिशेब सरळ आहे. देशभरचा जेआर पास शिनकानसेनला (बुलेट ट्रेनला), हाचिनोहे-कुजी मार्गाला आणि दक्षिणेकडे रुळांच्या जागी आलेल्या जेआरच्या बीआरटी (जलद मार्गाच्या) बसला चालतो. रिआस लाईनला चालत नाही, तिथे वेगळं भाडं भरावं लागतं. ऑक्टोबर २०२३ च्या दरवाढीनंतर सात दिवसांचा साधा पास ५०,००० येनचा झाला आणि फक्त या किनाऱ्यासाठी तो वसूल होणं अवघड आहे. तोक्योहून एकदा जाणं आणि एकदा परतणं एवढंच असेल तर सुटी तिकिटं किंवा जेआर ईस्टचा प्रादेशिक पास तोलून बघा. एवढं मात्र लक्षात ठेवा: हायाबुसा या शिनकानसेन गाडीत सगळी आसनं आरक्षित असतात, त्यामुळे पास असला तरी जागा आधी घ्यावी लागते.

गाडी भाड्याने घ्यावी का? दोघं-तिघं असाल आणि उत्तरेकडचे कडे नीट बघायचे असतील तर माझं मत स्पष्ट 'हो' आहे. भारताने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो, कारण दोन्ही देश रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारात आहेत. तो आरटीओतून फॉर्म ४-ए भरून मिळतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स आणि पासपोर्टही बरोबर लागतो. वाहतूक डावीकडूनच आहे. गाडीतल्या नॅव्हिगेशनमध्ये इंग्रजी नाव टाइप करत बसण्यापेक्षा ठिकाणाचा फोन नंबर किंवा मॅपकोड (जागेचा ठरावीक अंकी क्रमांक) टाकावा, म्हणून बुकिंगच्या कागदावर प्रत्येक मुक्कामाचा नंबर लिहून ठेवा.

सेंदाई ते हाचिनोहे हा ३५९ किलोमीटरचा सानरिकू किनारी द्रुतमार्ग डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाला. त्याचा बहुतेक भाग टोलविरहित आहे. वेळ खूप वाचतो, पण रस्ता उंचावरून आणि बोगद्यांतून नेलेला असल्यामुळे समुद्र फारसा दिसत नाही. नॅव्हिगेशन आपणहून याच रस्त्यावर नेतं. किनारा बघायचा तर राष्ट्रीय मार्ग ४५ वरची ठिकाणं मधले थांबे म्हणून टाकावी लागतात. या जुन्या रस्त्यावर त्सुनामीचं पाणी कुठून कुठपर्यंत आलं होतं, ते दाखवणाऱ्या पाट्या आहेत. त्या वाचत गेलं की गावं वर का सरकवली आणि समुद्राकडच्या संरक्षक भिंती एवढ्या उंच का, ते कुणी न सांगताही कळतं. पेट्रोल पंप आणि स्वच्छतागृहं द्रुतमार्गावर विरळ, त्यासाठी खाली उतरून 'मिची-नो-एकी' (रस्त्याकडेचा विसावा) गाठावं. गावातले पंप संध्याकाळी लवकर बंद होतात, टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी. हाचिनोहेत घेऊन सेंदाईत सोडली तर गाडी परत नेण्याचा वेगळा आकार लागतो आणि तो थोडाथोडका नसतो.

रेल्वेनेच जायचं तर उत्तरेकडून दक्षिणेकडे असा क्रम सोयीचा. पहिला दिवस हाचिनोहे: सामे स्टेशनपासून चालत काबुशिमा (समुद्री पक्ष्यांची वसाहत, मार्च ते ऑगस्ट), मग तानेसाशीचं किनाऱ्यावरचं गवताळ कुरण, आणि संध्याकाळच्या गाडीने कुजीत मुक्काम. दुसऱ्या दिवशी तानोहाता. इथे मच्छीमारांच्या छोट्या 'साप्पा' होडीतून कड्यांच्या पायथ्याशी नेतात. आरक्षण आधी लागतं आणि लाट वाढली की फेरी सरळ रद्द होते. कितायामाझाकीच्या माथ्यावर जायला टॅक्सीही आधी सांगून ठेवावी, स्टेशनबाहेर ती उभी नसते. मियाकोत दोन रात्री ठेवा. होडी रद्द झाली तर मोकळा अर्धा दिवस इथूनच मिळतो, नाहीतर तो जोदोगाहामाच्या पांढऱ्या खडकांना द्या. स्टेशनवरून बसने पाव तास-वीस मिनिटांचं अंतर आहे. मियाकोजवळच्या तारोमध्ये त्सुनामीने खालचे दोन मजले पोखरून नेलेलं हॉटेल तसंच जतन केलं आहे. ते आतून बघायला मार्गदर्शकासह फेरी आधी नोंदवावी लागते.

पुढे कामाइशीवरून साकारी. तिथे त्याच स्टेशनात बीआरटी बस मिळते. रिकुझेनताकातात 'चमत्काराच्या पाइन'जवळ उतरा. सुमारे ७०,००० झाडांच्या बनातलं एवढंच एक झाड उभं राहिलं होतं. शेजारचं इवातेचं त्सुनामी स्मृती संग्रहालय २०१९ मध्ये उघडलं, प्रवेश विनामूल्य आहे आणि दोन तास तरी हवेतच. रात्री केसेननुमा आणि दुसऱ्या दिवशी सुमारे दीड तासात इचिनोसेकी, तिथून शिनकानसेन. शेवटच्या दिवशी किनाऱ्यातून बाहेर पडायचा रस्ता छोटा राहतो, हा या दिशेचा खरा फायदा.

ऋतूबद्दल: जून-जुलैत 'यामासे' नावाचा थंड ईशान्य वारा समुद्रावरून धुकं आणतो. कड्याच्या माथ्यावर उभं राहून खालचं काहीच दिसत नाही, असे दिवस तेव्हा येतात. मे महिना, किंवा वादळांचा जोर ओसरल्यावर ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ निवडा. समुद्री अर्चिन (काटेरी गोल समुद्री जीव) खायला जाणाऱ्यांना मात्र उन्हाळाच गाठावा लागेल.

शाकाहारींनी हा भाग गांभीर्याने घ्यावा. मिन्शुकू म्हणजे घरगुती मुक्कामात रात्रीचं जेवण माशांचंच असतं, आणि भाजी किंवा सूप दिसलं तरी त्यात बहुधा माशाचा 'दाशी' (उकळून काढलेला अर्क) असतो. ऐन वेळी सांगितलं तर यजमान अडचणीत येतात. बुकिंग करतानाच जेवणाशिवायचा दर निवडावा आणि तयार पाकिटं बरोबर ठेवावीत. दुकानातली साध्या मिठाच्या भाताची ओनिगिरी (भाताचा मूद-गोळा) सगळ्यात सुरक्षित. इतर प्रकारांतल्या घटकांची यादी भाषांतर करून वाचा. कुजी, मियाको, केसेननुमा इथे दुकानं आहेत. तानोहातासारख्या गावात स्टेशनजवळ काही मिळेल हे धरून चालू नका.

पैशांसाठी सेव्हन बँक आणि टपाल कार्यालयांची एटीएम परदेशी कार्ड घेतात, पण खेड्यातल्या टपाल एटीएमची वेळ मर्यादित असते. भारतातून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या. 'सेफ्टी टिप्स' हे भूकंप-त्सुनामीच्या इशाऱ्यांचं ॲप फोनमध्ये हवंच. मुक्कामी पोचल्यावर उंचावर जायचा बाणांचा रस्ता एकदा चालून बघा. बोगद्यांत नेटवर्क जातं, म्हणून ऑफलाइन नकाशा आणि वेळापत्रकाचे फोटो फोनमध्येच ठेवा.

व्हिसाच्या अर्जाला दिवसवार कार्यक्रम आणि प्रत्येक मुक्कामाचा पत्ता-फोन लागतो. मिन्शुकूंची बुकिंग बरीच जपानी भाषेत आणि फोनवर होतात, त्यामुळे अर्जासाठी आधी मियाको-केसेननुमातली हॉटेलं रद्द करता येतील अशा दराने घ्या, आणि त्या दोन गावांभोवती बाकीचे मुक्काम नंतर बसवा.