नेरुळमधील ड्रायव्हिंग स्कूल : अठराव्या वर्षी मोटार शिकणाऱ्यांसाठी

ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीत प्रशिक्षकाच्या पायांशीही क्लच आणि ब्रेक असतात. ही सोय सुरक्षिततेसाठी आहे आणि ती हवीच. परंतु प्रशिक्षक तिचा वापर कसा करतो, यावरच मुले खरोखर गाडी शिकतात की नुसते स्टिअरिंग धरून बसतात, हे ठरते. नेरुळमधील ज्या लहानशा स्कूलमध्ये माझ्या मुलीने अठरा पूर्ण होताच नाव घातले, तेथील सर धोका नसेल तेव्हा आपले पाय मागे घेऊन बसतात, आणि माझ्या मते हाच त्या स्कूलचा सर्वांत मोठा गुण आहे.

सुरुवातीला सेक्टरमधील आतल्या रस्त्यांवर गाडी सारखी बंद पडत होती आणि मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, तरीही सरांनी स्वतः क्लच दाबून तिची सुटका केली नाही. "वाजू दे हॉर्न. आधी न्यूट्रल कर, मग स्टार्टर मार," एवढेच ते शांतपणे सांगत. माझा पुतण्या दुसरीकडे शिकला. परवाना हातात पडल्यावर घरची गाडी साध्या चढावर मागे सरकू लागली तेव्हा तो गडबडून गेला, कारण शिकताना हाफ क्लच, म्हणजे अर्धवट सोडलेला क्लच, त्याच्या पायाने कधी धरलाच नव्हता. येथे मात्र बेलापूरच्या पारसिक हिलवर नेऊन मुद्दाम चढावर गाडी उभी करायला लावतात. हँडब्रेक ओढायचा, क्लच हळूहळू सोडत राहायचे, इंजिनाचा आवाज जड होऊन बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटले की मगच हँडब्रेक खाली करायचा. पाम बीच मार्गाची पाळी त्यानंतर येते. तो रस्ता सरळ आणि रुंद असल्याने सोपा वाटतो, पण नवख्या मुलांचा वेगाचा अंदाज नेमका तेथेच चुकतो. म्हणून मागची गाडी आरशात कुठे दिसते, हे सर मध्येच विचारत राहतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खासगी वाहनाच्या प्रशिक्षणाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास लागतात. मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचे पाहण्यात गेलेला वेळ येथे या तासांत धरत नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या एका पालकांना त्यांनी माझ्यासमोर स्पष्ट नकार दिला आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही समजावून सांगितले.

उणिवाही आहेत. सोसायटीतील खांबांमधून रिव्हर्स घेण्याचा सराव अपुरा पडतो, रात्री गाडी चालवायला मिळतच नाही, आणि आरटीओचे शुल्क वेगळे भरावे लागते, हे नाव घालताना सांगितले जात नाही.

बारावीची परीक्षा संपली की सकाळच्या बॅच लगेच भरतात. शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते आणि शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते, त्यामुळे कॉलेज सुरू होण्यापूर्वी सर्व आटोपायचे असल्यास बॅचची चौकशी परीक्षेआधीच करावी.