खिळ्यांच्या चपला आणि पोकळ नळ्यांचं हत्यार: लॉनवर पाच महिने

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, म्हणजे आयुष्यभर माती दाबण्याचा पगार घेतला. मातीच्या धरणात गाभ्याची काळी माती थराथराने पसरायची, हिशेबाने पाणी मारायचं आणि रोलर फिरवून इतकी ठोकायची की हवेला जेमतेम जागा उरावी. आमच्या नाशिकचं गंगापूर धरण मातीचंच आहे. आता निवृत्तीनंतर घरापुढच्या ६०० चौरस फूट लॉनमध्ये तीच हवा परत घालायचा उद्योग मांडलाय. त्यासाठी या वर्षी दोन वस्तू ऑनलाइन मागवल्या. एक साफ फसली, दुसरी मारूनमुटकून कामाला आली.

आधी लॉनची अवस्था. घर बांधताना मुरुमावर चार-पाच इंच लाल माती पसरून वर लॉनचे तयार तुकडे अंथरले होते. गवत हरळीच्याच कुळातलं, नर्सरीवाले त्याला सिलेक्शन वन म्हणतात. पहिली तीन वर्षं दृष्ट लागेल असं होतं. मग नातू क्रिकेट खेळायला लागला. फाटकापासून चाफ्यापर्यंत एक टक्कल पडलेली पट्टी तयार झाली. तिच्यावर पाणी घातलं की तळं साचायचं, पावसाळ्यात शेवाळ धरायचं आणि गवताऐवजी लव्हाळा डोकं काढायचा. स्क्रूड्रायव्हर दाबून पाहिला तर अर्धं बोटसुद्धा आत जाईना. माळीकाका म्हणाले, "साहेब, युरिया मारू." मी म्हटलं, ज्याचं नाक दाबलंय त्याला पंचपक्वान्नं वाढून काय उपयोग? मुळांनाही श्वास लागतो.

फेब्रुवारीत मागवल्या त्या खिळ्यांच्या चपला. प्लास्टिकचा तळ, खाली प्रत्येकी १३ खिळे, साधारण ५ सेंटिमीटरचे, वर पट्टे. किंमत ६५० रुपये. बुटांवर बांधायच्या आणि लॉनवर फिरायचं, म्हणजे चालता चालता काम फत्ते. पहिल्याच पावलाला डावी चप्पल जमिनीत रुतली ती रुतलीच, पाय तेवढा बाहेर आला. मी चाफ्याला धरून उभा आणि आमची ही व्हरांड्यातून फोटो काढतेय. सुकलेल्या पट्टीवर गेलो तर चार खिळे वाकले. पट्टे दुसऱ्या दिवशी तुटले.

पण चपला टिकल्या असत्या तरी मी त्यांना एकच तारा दिला असता. धरणावर आमच्याकडे शीपफूट रोलर असायचा, मेंढीच्या खुरांसारखे ठोकळे बसवलेला. ते खूर थरात रुततात आणि माती खालून वर दाबत येतात. ओल नेमकी असेल तर त्याच्यासारखं काम दुसऱ्या कशाने होत नाही. चिकण मातीत खिळा घुसतो तेव्हाही माती कुठे जात नाही. खिळ्याएवढी जागा करायला ती आजूबाजूला आणि खाली सरकते, म्हणजे भोकाच्या भिंती आणखी घट्ट. वर माझं ७८ किलो वजन आहेच. ओल्या लॉनवर त्या चपला घालून फिरणं म्हणजे घरचा शीपफूट रोलर. रेताड जमिनीत चालत असेल, आमच्याकडे नाही.

दुसरी वस्तू मे महिन्यात घेतली, २,३५० रुपयांना. टी आकाराचा दांडा, खाली पाय ठेवायला आडवी पट्टी आणि पट्टीखाली दोन पोकळ नळ्या. नळीचं तोंड आतून सुमारे १२ मिलिमीटर, कडेला लांबट खिडकी. पाय दिला की नळी जमिनीत जाते, उचलली की मातीची कांडी घेऊन वर येते आणि पुढच्या दाबाला ती कांडी खिडकीतून बाहेर पडते. इथे माती सरकत नाही, निघून जाते. सगळा फरक एवढ्यातच आहे.

सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की हे काम शरदाच्या सुरुवातीला करा. ते थंड देशांतल्या गवताला ठीक. आपली हरळी उन्हाळी, नाशिकच्या थंडीत ती पिवळी पडून सुस्तावते. तिला जखम करायची तर ती जोमाने वाढीला लागायच्या बेतात असताना, म्हणजे जखम भरूनही येते. मी वळवाचा पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस थांबलो. माती चिखल झालेली नको आणि कोरडी ठणठणीतही नको. हातात मूठ वळावी पण बोटांना चिकटू नये.

१५ सेंटिमीटर अंतर धरलं तर या लॉनला सुमारे २,५०० भोकं लागतात. एका दाबात दोन, म्हणजे साडेबाराशे वेळा पाय द्यायचा. चार सकाळी गेल्या. खोली कुठे ७ सेंटिमीटर मिळाली, कुठे मुरूम लागून ४. आता याच हिशेबाची दुसरी बाजू सांगतो, जी विकणारे सांगत नाहीत. निघालेली सगळी माती गोळा केली असती तर २० लिटरची एक बादली जेमतेम भरली असती आणि लॉनच्या पृष्ठभागापैकी फक्त अर्धा टक्का उघडा झाला. ही म्हणाली, "एवढं कण्हून-कुंथून एक बादली?" तिचं खरं आहे. म्हणून टक्कल पडलेल्या पट्टीवर मी दोन वेळा उलटसुलट फिरून भोकं दाट केली.

कांड्या उचलल्या नाहीत. दोन-तीन दिवसांत वाळल्या, खराट्याने फोडून तिथेच पसरल्या. त्या दिवसांत घरात लाल पावलं उमटायची, त्याबद्दल जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. मग चाळलेलं गांडूळखत आणि थोडी क्रश सँड झाडूने भोकांत लोटली.

हत्याराच्या खोडी बऱ्याच. नळ्या तुंबतात, मुरुमाचा खडा अडकला की पुढची कांडी बाहेर येत नाही आणि आपण नुसतेच खिळे ठोकल्यासारखे दाबत राहतो. दर दहा-बारा दाबांनी खिडकीतून बघायला हवं. मी खिशात जाड तार ठेवायचो. मुठीवरचा फोम पहिल्याच सकाळी घसरून मनगटावर बांगडीसारखा आला. तिसऱ्या सकाळी पट्टीचं वेल्डिंग तडकलं. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की परतीची मुदत काल संपली. शेवटी सातपूरला एकाकडून १०० रुपयांत जोड मारून घेतला, तो मूळच्यापेक्षा दणकट आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी स्वतः या भानगडीत पडू नये, तरुण माणसाला रोजावर बोलवावं.

फायदा झाला का? टक्कल पडलेल्या पट्टीवर दोन्ही तोंडं कापलेला डबा ठोकून त्यात १० सेंटिमीटर पाणी भरायचं आणि घड्याळ लावायचं, ही माझी जुनी सवय. आधी ते मुरायला १ तास २० मिनिटं लागली होती, जूनअखेर ३५ मिनिटं. पावसाळ्यात तळं साचलं नाही असं नाही, पण रात्रीचं सकाळी ओसरलेलं असायचं. सप्टेंबरात खुरप्याने एक ढेकूळ उचलून पाहिलं तर जुन्या भोकांतून पांढरी मुळं सरळ खाली गेलेली, बाकी ठिकाणी ती वरच्या दोन इंचांतच घुटमळत होती. लव्हाळा मात्र आहे तसाच आहे. त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात, भोकांनी त्याला काही होत नाही, तो हातानेच खणावा लागतो.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा वेल्डिंगपायी कापला, एक नळ्यांपायी. घेणार असाल तर खिडकी नळीच्या जवळजवळ पूर्ण लांबीची आहे ना आणि पट्टीचा जोड दोन्ही बाजूंनी भरलेला आहे ना, एवढं फोटो मोठा करून बघा. सध्या आमचं हत्यार शेजारच्या वकीलसाहेबांकडे गेलंय. टकलावर गवत अर्ध्याहून जास्त आलंय आणि नातवाची तक्रार आहे की चेंडू आता उसळत नाही.