'स्लॅम डंक': आधी १०१ भागांची मालिका, की थेट सिनेमा?

'स्लॅम डंक' ही बास्केटबॉलवरची जपानी अ‍ॅनिमेशन-कथा बघायची ठरवली की दोन वाटा समोर येतात. एक, ऑक्टोबर १९९३ ते मार्च १९९६ अशी चाललेली तोएई अ‍ॅनिमेशनची १०१ भागांची मालिका. दुसरी, २०२२ चा दोन तासांचा 'द फर्स्ट स्लॅम डंक'. दोन्हींचं मूळ एकच, ताकेहिको इनोउए यांची ३१ खंडांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. सिनेमा तर इनोउए यांनी स्वतः लिहिला आणि दिग्दर्शितही केला.

माझं मत आधीच सांगते: वेळ असेल तर मालिकेपासून सुरुवात करा.

कारण आहे साकुरागी हानामिची. लाल केसांचा, मारामाऱ्या करणारा, पन्नास मुलींनी नकार दिलेला हा मुलगा शोहोकू हायस्कूलच्या संघात शिरतो तो मनात भरलेल्या हारुकोवर छाप पाडायला. त्याला डंक मारायचा असतो, म्हणजे उंच उडी घेऊन चेंडू थेट रिंगमध्ये कोंबायचा असतो. कर्णधार अकागी त्याला मैदानाच्या कडेला उभं करून नुसतं ड्रिबल करायला लावतो. बाकीचे खेळतायत आणि हा एकटा चेंडू आपटतोय, तेही दिवसचे दिवस. मग येतो ले-अप. साकुरागी त्याला 'सामान्य माणसांचा शॉट' म्हणून हिणवतो आणि नेमका तोच त्याला जमत नाही. धावत जातो, उडी मारतो, चेंडू बोर्डावर आदळून परत येतो. चेंडू फेकायचा नसतो, वर नेऊन अलगद ठेवायचा असतो, हे त्याच्या हाताला कळेपर्यंत मालिका घाई करत नाही. बास्केटबॉलचा एकही नियम ठाऊक नसला तरी चालतं. साकुरागीबरोबर आपणही शिकत जातो. पुढे तो रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत येणारा चेंडू पकडायला झेपावतो, तेव्हा त्या उडीमागची सगळी मेहनत आपण पाहिलेली असते.

आणि मित्सुई. माध्यमिक शाळेतला सर्वोत्तम खेळाडू, गुडघ्याच्या दुखापतीनंतर वाया गेलेला, गुंडांची टोळी घेऊन शोहोकूच्या संघाची जिम उद्ध्वस्त करायला आलेला. दारात प्रशिक्षक आनझाई उभे दिसतात आणि तो कोसळतो. मला पुन्हा खेळायचंय, एवढंच रडत सांगतो. हा प्रसंग मी कितीदा पाहिलाय याचा हिशेब नाही, पण तो भिडतो तो आधीच्या भागांमुळे. सिनेमात हा सगळा भाग ओझरता येतो.

मालिकेत खटकणाऱ्या गोष्टी आहेत. सामने ताणलेत. चेंडू हवेत आणि तोवर तिघांच्या मनातले विचार ऐकून होतात. चित्रंही जुन्या टीव्हीच्या बजेटची, तीच ती चौकट पुन्हा येते. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा सुरू होण्याआधीच मालिका संपते.

नेमकी तीच जागा सिनेमा घेतो. राष्ट्रीय स्पर्धेतला सान्नो संघाविरुद्धचा सामना, हाच त्याचा कणा. पण केंद्रस्थानी साकुरागी नाही, रिओता मियागी आहे: सात नंबरची जर्सी, संघातला बुटका पॉइंट गार्ड, म्हणजे खेळाची सूत्रं हलवणारा. त्याचं ओकिनावातलं बालपण, समुद्रावर गेलेला आणि परत न आलेला मोठा भाऊ, आईशी तुटलेला संवाद हे सगळं सामन्याच्या मध्येमध्ये उलगडत जातं. मालिकेतला रिओता बेफिकीर वाटतो. इथे कळतं की भीती वाटली की तो थरथरणारे हात खिशात लपवतो.

खेळ म्हणून सिनेमा कितीतरी पुढे आहे. थ्रीडी अ‍ॅनिमेशन असूनही रेषा हाताने काढल्यासारखी, खेळाडूंच्या हालचाली खऱ्या, बुटांची करकर आणि चेंडूचा ठोका अगदी कानाशी. शेवटच्या काही सेकंदांत आवाजच नाहीसा होतो आणि आपला श्वास अडकतो. मात्र पहिल्यांदाच बघणाऱ्याला साकुरागी नुसता आरडाओरडा करणारा पोरगा वाटू शकतो, कारण कोपऱ्यातलं ते ड्रिबलिंग त्याने पाहिलेलं नसतं.

म्हणून क्रम असा ठेवा: मालिका, मग राष्ट्रीय स्पर्धेसाठी मांगेचे शेवटचे खंड, मग सिनेमा. एकच संध्याकाळ हातात असेल किंवा जुनी चित्रशैली डोळ्यांना झेपत नसेल, तर बिनधास्त सिनेमा लावा. रिओताची गोष्ट स्वतंत्रपणे पुरी होते. मालिका निवडलीत तर मित्सुई परत येईपर्यंत, म्हणजे तीसेक भाग तरी धीर धरा. तिथेही जीव गुंतला नाही, तर खुशाल थांबा. आणि सिनेमा कधीही बघा, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको.