त्या व्हिडिओत हसणारा शेतकरी मीच आहे

गळ्यात हार, हातात बुरशीपासून बनवलेला पॅकिंगचा पांढरा डबा, तोंडभर हसू. "महिन्याला तीस हजार सहज सुटतात" म्हणणारा तो शेतकरी तुमच्याही मोबाईलवर आला असेल. तो मी. ते बोललो तेव्हा माझ्या खात्यात सव्वादोन हजार आले होते. पन्नास डबे, पंचेचाळीसच्या भावाने.

कोरेगाव तालुक्यात माझी धिंगरीची, म्हणजे ऑयस्टर मशरूमची, दोन शेड आहेत. सोयाबीनचं काड भिजवायचं, पिशव्या भरायच्या, दोन-तीन तोडे घ्यायचे आणि उरलेले बेड, म्हणजे त्या काडाच्या पिशव्यांतला गाळ, उकिरड्यावर टाकायचा. किलोभर मशरूममागे पाचेक किलो ओला बेड उरतो. पावसाळ्यात त्या ढिगाचा वास पार रस्त्यापर्यंत जायचा. त्यामुळे 'या कचऱ्यातून थर्माकोलला पर्याय' असं कोणी म्हटल्यावर कान टवकारले.

तंत्र खरं आहे, त्यात खोट नाही. बुरशीचे पांढरे तंतू भुशाला घट्ट बांधतात. साच्यात वाढवलं की त्याच आकाराचा हलका ठोकळा निघतो. अमेरिकेत इकोव्हेटिव्ह ही कंपनी २००७ पासून याच कामात आहे. हे मी स्वतः वाचून घेतलं होतं, आणि म्हणूनच फसलो. तंत्र खरं निघालं म्हणून माणूसही खरा धरला.

हा धंदा शिकवणाऱ्या एका कंपनीकडे एक लाख पंच्याऐंशी हजार भरले. बदल्यात चाळीस साचे, 'खास कल्चर'च्या, म्हणजे बुरशीच्या बियाण्याच्या, दहा बाटल्या, दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि पाचशेच्या स्टॅम्पवर माल परत घेण्याचा करार. पहिल्या खेपेचं मिश्रण त्यांनीच तयार करून आणलं. साचे भरले की वाळवायलाही त्यांच्याच टेम्पोतून नेले. डबे आले ते पुठ्ठ्यासारखे कोरडे, खणखणीत. त्याच दिवशी शूटिंग.

दुसरी खेप माझ्या बेडची. तिसऱ्या दिवशी साच्यांत हिरवे ठिपके. ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी, आम्हा धिंगरीवाल्यांचा जुना वैरी. वाचलेले डबे "उन्हात वाळवा" म्हणाले. आषाढात कसलं ऊन! माल भरायच्या दिवशी बघतो तर एका डब्याच्या कोपऱ्यातून कानाएवढी धिंगरी उगवलेली. आई म्हणाली, "ठेव तो, भाजी तरी होईल."

कंपनीने एकही डबा घेतला नाही. करारात 'कंपनीच्या गुणवत्तेत बसणारा माल' असे चार शब्द होते, ते तेव्हा नीट वाचले. नंतर फोन बंद. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. हे दोन मिनिटांचं काम मी पैसे भरून पाच महिन्यांनी केलं.

मग कृषी विद्यापीठातल्या एका जाणकारांकडे गेलो. ते म्हणाले, वापरलेल्या बेडमधलं बरंचसं खाद्य धिंगरीने आधीच खाल्लेलं असतं आणि त्यात नको ते जंतू शिरलेले असतात. तो पुन्हा निर्जंतुक करून, गरज असेल तर ताजा भुसा घालून, नवं बियाणं टाकावं लागतं. आणि डबा शेवटी भट्टीत तापवून बुरशी मारावीच लागते, नाहीतर ती जिवंत राहते. घरी येऊन त्या 'खास कल्चर'ची एक बाटली ताज्या काडाच्या पिशवीत टाकली. तीनेक आठवड्यांनी साधी धिंगरी आली. किलोला शे-सव्वाशेला मिळणारं बियाणं!

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. आता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून ग्राहक आयोगाची वाट धरलीय. धंद्यासाठीची खरेदी म्हणून तक्रार फेटाळतील, असं कोणी सांगितलं तर थांबू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेल्या मालाला कायद्यात सवलत आहे.

व्हिडिओ मात्र अजून फिरतोय. गेल्या आठवड्यात यवतमाळकडच्या एका पोराने कुठून तरी माझा नंबर मिळवला. शुक्रवारी पैसे भरणार होता. सगळं सांगितलं, तरी त्याला पटेना. शेवटी म्हटलं, एवढंच विचार त्यांना, वाळवायची भट्टी कुठे आहे आणि ती बघायला कधी येऊ.

तासाभराने परत फोन. "काका, ते म्हणतात भट्टी लागतच नाही, उन्हातच वाळतं."