विशेष शिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम: प्रात्यक्षिकांत सरस, नोकरीच्या तयारीत अपुरा

चार वर्षे सर्वसाधारण शाळेत शिकवल्यानंतर मी विद्यापीठातील विशेष शिक्षणाच्या दोन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि गेल्या सत्रात तो पूर्ण केला. प्रवेशापूर्वी बरीच माहितीपत्रके चाळली होती. परंतु वर्गात नेमके काय शिकवतात आणि त्यातले पुढे काय उपयोगी पडते, हे त्यांतून कळत नव्हते. ती उणीव थोडीफार भरून निघावी म्हणून हे परीक्षण लिहिले आहे. विद्यापीठाचे नाव देत नाही, कारण इतरत्र शिकलेल्या सहकाऱ्यांचे अनुभवही बऱ्याच अंशी असेच आहेत.

पहिल्या सत्रात इतिहास आणि धोरणे यांवर भर होता. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयीचा १९७८ चा ब्रिटनमधील वॉर्नॉक अहवाल, ९२ देशांची सरकारे आणि २५ आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या सहभागातून झालेले सर्वसमावेशक शिक्षणाविषयीचे १९९४ चे सालामांका निवेदन, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आणि त्यातील शिक्षणविषयक कलम २४, हे सारे सनावळीसारखे पाठ करून घेतले गेले. अपवाद एका प्राध्यापकांचा. त्यांनी इतार या फ्रेंच वैद्याची हकीकत दोन तास रंगवून सांगितली. रानात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला बोलते करण्यासाठी इतार यांनी सुमारे पाच वर्षे खपून काम केले, मुलगा फारसे बोलू शकला नाही आणि प्रयोग फसला असे त्यांना स्वतःलाच वाटले. तरीही त्यांच्या पद्धती पुढे सेगँ या फ्रेंच वैद्यांनी विकसित केल्या आणि त्यांच्याकडून माँटेसरी यांनी उचलल्या. वर्षभर एकाच अक्षरावर अडलेल्या मुलासमोर बसताना ही हकीकत मला सर्व तारखांपेक्षा अधिक आठवते.

अभ्यासक्रमाचा खरा कस दुसऱ्या सत्रापासून लागला. कार्य विश्लेषणाच्या, म्हणजे एखादे काम छोट्या पायऱ्यांत मोडण्याच्या, तासाला हात धुण्याच्या पायऱ्या लिहायला सांगितल्या. मी पाच लिहिल्या आणि मनातल्या मनात खूश झाले. मग बाईंनी एका सहाध्यायीला बेसिनपाशी उभे केले आणि ‘यात लिहिलेले तेवढेच करा’ असे सांगून तिला माझा कागद दिला. तिने नळ उघडलाच नाही, कारण तसे मी कुठे लिहिलेच नव्हते. अखेर पायऱ्या चौदा झाल्या. कोणती पायरी आधी शिकवायची, हा त्यापुढचा प्रश्न. सदरा घालायला शिकवताना शेवटची कृती मुलाकडून करून घ्यायची आणि आधीच्या सर्व कृती आपण करायच्या, म्हणजे काम पुरे केल्याचे समाधान त्याला पहिल्याच दिवशी मिळते, ही उलट साखळीची पद्धत मला आजवर शिकलेल्या कोणत्याही अध्यापनतत्त्वापेक्षा मोलाची वाटते.

ब्रेलची तोंडओळख सर्वांना सक्तीची होती. सहा टिंबांतून ६३ रचना होतात, हे पुस्तकात वाचणे सोपे. पाटी आणि टोचणी हातात आली की तारांबळ उडते, कारण कागद मागच्या बाजूने टोचायचा असल्यामुळे उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटे लिहावे लागते. ब्रेलमधील ‘इ’ आणि ‘ए’ ही एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे आहेत. माझ्या पहिल्या कागदावर सर्व ‘इ’चे ‘ए’ झाले होते, आणि तो कागद बोटांनी वाचणाऱ्या अध्यापकांनी हसू दाबून परत दिला होता.

सर्वाधिक गुण मी प्रात्यक्षिकांना देईन. सराव शाळेत वही भिरकावणारा एक नऊ वर्षांचा मुलगा होता आणि तो हट्टी आहे, यावर सर्वांचे एकमत होते. आम्हाला दहा दिवस केवळ नोंदी ठेवायला सांगितले: वर्तनाआधी काय घडले, वर्तन काय, आणि त्यानंतर काय घडले. चौदापैकी अकरा वेळा वही उडाली ती फळ्यावरून उतरवून घेताना, आणि प्रत्येक वेळी त्याला वर्गाबाहेर पाठवले गेले. म्हणजे शिक्षा समजून आपण त्याला सुटकाच देत होतो. तोच मजकूर छापून त्याच्या शेजारी ठेवला आणि मदत मागण्याचे एक कार्ड दिले, तेव्हा वही उडणे पुष्कळ कमी झाले. पूर्णपणे थांबले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आता तक्रारी. इतके मोलाचे प्रात्यक्षिक अवघ्या सहा आठवड्यांचे होते आणि त्या काळात मार्गदर्शक दोनदाच फिरकले. फाइलच्या मुखपृष्ठांच्या सजावटीवर आम्ही जितका वेळ घालवला, तितका मुलांच्या नोंदींवर घालवला असता तर बरे झाले असते. वैयक्तिक शिक्षण आराखडा आम्ही काल्पनिक मुलासाठी लिहिला. ‘वाचन सुधारेल’ असे मोघम उद्दिष्ट चालत नाही, ‘ओळखीच्या बारा शब्दांपैकी दहा शब्द मदतीशिवाय, सलग तीन दिवस वाचेल’ असे मोजता येणारे लिहावे लागते, हे तेथे नीट शिकले. मात्र तोच आराखडा पालकांसमोर ठेवताना त्यांचे डोळे भरून आले तर काय बोलायचे, याचा एकही तास नव्हता. प्रत्यक्ष नोकरीत पहिल्याच महिन्यात तो प्रसंग आला आणि मी कागद चाळत राहिले.

नोकरीच्या वाटांविषयी विद्यापीठाचे मार्गदर्शन तोकडे आहे. या पदवीने आपण वाचा उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्या प्रत्येकाचे प्रशिक्षण स्वतंत्र असते, आणि हे माझ्या काही सहाध्यायींना शेवटच्या वर्षी कळले. विशेष शाळेतील वर्ग आणि सर्वसाधारण शाळेतील संसाधन कक्ष, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना जादा मदत देण्याची खोली, या सरळ वाटा. संसाधन कक्षातील काम वरकरणी हलके दिसते, परंतु निम्मा दिवस विषयशिक्षकांची मनधरणी करण्यात जातो. अगदी लहान बालकांच्या अडचणी वेळीच ओळखून मदत करणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत शिकवण्यापेक्षा घरच्या माणसांना शिकवणेच अधिक असते. शाळा संपवणाऱ्या तरुणांना कामधंद्याकडे नेणारे संक्रमणाचे क्षेत्र मला सर्वांत दुर्लक्षित वाटले. वर्गात त्याला एकच प्रकरण मिळाले. याशिवाय सहायक तंत्रज्ञान, सुलभ पाठ्यसामग्रीची निर्मिती आणि संशोधन या दिशा आहेत, मात्र त्यांसाठी या पदवीच्या जोडीला आणखी काही शिकावे लागते.

एकंदरीत पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे वाटते. प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनी इमारत आणि ग्रंथालय जरूर पाहावे. परंतु दोन वर्षांत किती दिवस मुलांसोबत काढायचे आहेत, त्या दिवसांत वर्गात मागे बसून पाहणारे कोण असते आणि पाठ संपल्यावर ते आपल्याशी किती वेळ बोलतात, हे आधी विचारावे. कार्यालयातून मोघम उत्तर मिळाले, तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावे आणि त्यांच्या नोंदवह्या उघडून पाहाव्यात.