जुनी आयओएम घेताय? होडीतला नंबर आणि कागदावरचा नंबर आधी जुळवा

यूकेत राहणाऱ्या आणि रिमोटच्या शिडाच्या होड्यांचा नाद लागलेल्या (किंवा लागायच्या बेतात असलेल्या) मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. सेकंडहँड आयओएम, म्हणजे एक मीटर वर्गातली अशी शर्यतीची होडी, घ्यायचा विचार असेल तर पैसे द्यायच्या आधी वाचा. माझे साडेनऊशे पाउंड गेलेत आणि बदल्यात जी होडी गळ्यात पडलीय ती कुठल्याही अधिकृत शर्यतीत कधीच उतरू शकणार नाही.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या होड्यांना मोटर नसते. रिमोटवर दोनच गोष्टी, एका काडीने सुकाणू फिरवायचं आणि दुसरीने शिडाच्या दोऱ्या आवळायच्या नाहीतर सोडायच्या, बाकी सगळं वाऱ्याच्या मर्जीवर. शर्यतीचे नियम मोठ्या याटींचेच, फक्त रेडिओवाल्यांसाठी त्यात परिशिष्ट ई म्हणून वेगळा भाग आहे. खेळणं म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात, त्यांना एकदा पंधरा वीस होड्या एकाच बॉयला (पाण्यातल्या तरंगत्या खुणेला) एकदम वळताना दाखवा, काठावर सत्तरीचे आजोबा एकमेकांवर कसे ओरडतात ते ऐकलं की हसू बंद होतं.

आमच्या क्लबात बरेच जण सुरुवात डीएफ ६५ ने करतात, मीही तेच केलं. साडेसहाशे मिलिमीटरची तयार होडी, सगळ्यांची सारखी, त्यात फार खटपट करायची परवानगी नाही, त्यामुळे स्वस्त आणि बिनडोक्याचं काम. पण शेजारच्या जेट्टीवर आयओएमवाले असतात ना, त्यांच्याकडे बघून जीव अडकतो. आयओएम म्हणजे इंटरनॅशनल वन मीटर. लांबी जास्तीत जास्त १००० मिमी, वजन कमीत कमी ४००० ग्रॅम, त्यातलं खालची फिन (पाण्यातलं उभं पातं) आणि तिच्या टोकाचा शिशाचा बल्ब मिळून २२०० ते २५०० ग्रॅम, पाण्यातली खोली ३७० ते ४२० मिमी. शिडांचे ए, बी, सी असे तीन संच, म्हणजे रिग, वारा वाढला की छोटा संच चढवायचा. हलचा, म्हणजे होडीच्या मुख्य अंगाचा, आकार मात्र ज्याला हवा तसा करता येतो म्हणून ब्रिटपॉप, कांटुन अशी डिझाइन्स येतात आणि लोक त्यांच्यावरून क्रिकेटसारखे वाद घालतात. आणि एक, जे पुढे लागणार आहे, हलमध्ये कार्बन फायबर चालत नाही. फिनमध्ये चालतं, हलमध्ये नाही.

प्रत्येक होडी अधिकृत मेजरर मोजतो, मग तिला सर्टिफिकेट मिळतं, हलला स्वतःचा नंबर असतो आणि त्याचे शेवटचे दोन आकडे सहसा शिडावर लागतात. होडी विकली की सर्टिफिकेट नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायचं, आपण गाडीचं आरसी बुक ट्रान्सफर करतो अगदी तसं. हे सर्टिफिकेट नसेल तर रविवारी क्लबात कुणी हटकणार नाही कदाचित, पण ओपन मीटिंगला (बाहेरच्या क्लबांनाही खुल्या शर्यतीला) जायचं नाव काढू नका.

नवीन आयओएम सगळ्या सामानासकट घ्यायची तर दोन हजार पाउंडाच्या आसपास जाते, म्हणून सेकंडहँड बाजार जोरात चालतो. आणि आजवर तो विश्वासावरच चाललाय, क्लबातल्या क्लबात किंवा फार तर शेजारच्या क्लबात व्यवहार होतात, विकणारा पुढच्या महिन्यात त्याच तळ्यावर भेटणार असतो. हे फसवणारे लोक नेमकं याचंच खातात.

तर जाहिरात अशी होती. नावाजलेल्या डिझाइनची होडी, व्यावसायिक बिल्डरने केलेली, ए आणि बी दोन रिग, चांगल्या कंपनीचं ड्रम विंच (शिडाच्या दोऱ्या गुंडाळणारं यंत्र), बॅग, स्टँड, सर्टिफिकेट हजर, वजन ४०१० ग्रॅम, किंमत साडेनऊशे. फोटो झकास. विकणाऱ्याची भाषा पक्की आतल्या माणसाची, जिबचा ट्विस्ट, मास्टचा रेक, कुठल्या वाऱ्यात बॅकस्टे किती, सगळं न विचारता सांगत होता आणि दर वाक्याला 'मेट'. काका वारले, त्यांच्या होड्या काढतोय म्हणाला. पैसे पेपालने फ्रेंड्स अँड फॅमिलीमध्ये पाठव म्हणजे फी वाचेल, हेही म्हणाला. फ्रेंड्स अँड फॅमिलीला खरेदीचं काही संरक्षण नसतं हे मला माहीत होतं म्हणून मी नाही म्हटलं, तर पठ्ठ्या चिडला नाही की काही नाही, लगेच म्हणाला बरोबर आहे तुझं, आजकाल कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही, तू असं कर, समोर ये, होडी हातात घेऊन बघ आणि तिथेच बँक ट्रान्सफर कर. आता यावर कोण संशय घेणार सांगा.

भेट ठरली मोटरवेच्या सर्व्हिसेसच्या पार्किंगमध्ये, दोघांना मध्ये पडतं म्हणून. डिसेंबर, चार वाजताच अंधार, वरून रिपरिप. होडी त्याच्या गाडीच्या डिकीत बॅगेत. त्याने लगेज तोलायचा काटा आणला होता, लटकवून दाखवलं, चार किलो आणि वर थोडं. हलला बाहेरून चीर नाही, डेक स्वच्छ, हॅच (डेकवरचं झाकण) उघडून टॉर्च मारला तर आत नंबरचा स्टिकर, तोच नंबर सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर. ओरिजिनल काकूंकडे आहे, पोस्टाने पाठवतो म्हणाला. बँकेच्या ॲपने नाव जुळतंय असं दाखवलं. पैसे दिले, हात मिळवला.

घरी बाथटबमध्ये तरंगवून बघितली, पाणी शिरलं नाही, सरळ बसली. विंच मात्र फोटोतलं नव्हतं, त्या जागी साधा आर्म सर्वो, दांडीने दोऱ्या ओढणारा. मेसेज टाकला तर 'ओह सॉरी मेट, चुकून दुसऱ्या होडीचा फोटो गेला, विंच पाठवतो'. तोवर उत्तरं येत होती बरं का. तळ्यावर नेल्यावर मात्र काहीतरी बिनसलंय हे पहिल्याच बीटला (वाऱ्याच्या दिशेने जायच्या टप्प्याला) कळलं, बाकीचे ए रिगवर ताठ चाललेत आणि माझी जरा झुळूक आली की कलून पाण्याला टेकते. ट्यूनिंग असेल म्हणून सगळं आवळून सोडून झालं, फरक शून्य.

आमच्या क्लबातले एक गृहस्थ मेजरर आहेत, रिटायर्ड इंजिनिअर, बोलणं कमी आणि डिजिटल काटा कायम गाडीत. त्यांनी होडी क्लबाच्या शेडमध्ये टेबलावर घेतली. आधी पूर्ण वजन, ४०१२. ठीक. मग फिन आणि बल्ब सोडवून काट्यावर ठेवलं, २०८५. परत ठेवलं, परत २०८५. कमीत कमी २२०० पाहिजे. त्यांनी चष्मा वर केला, बल्ब हातात घेऊन सावकाश फिरवला आणि मागच्या बाजूला एका जागी अंगठ्याचं नख दाबलं. रंगाचा पापुद्रा उठला, खाली शिसं नाही, गुलाबी फिलर. गाडीचे पोचे भरायला लावतात तसला. शिशात ड्रिलने भोकं पाडून ती फिलरने भरलेली, घासून वरून स्प्रे मारलेला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला की बल्ब हलका करून कुणाचा काय फायदा. त्यांनी सांगितलं. होडी वर जड होती, म्हणून. जड आयओएम कुणी घेत नाही, वजन किती हा पहिला प्रश्न प्रत्येक जण विचारतो, तर एकूण आकडा चार किलोवर आणायला याने खालचं शिसं काढलं. वजन जिथे लागतं तिथून काढलं आणि जिथे नको तिथे ठेवलं, मग होडी झोपणार नाही तर काय. आणि काट्याला लटकवून दाखवायचा उत्साह का होता तेही तेव्हा लक्षात आलं!

मग वर जड का, तर त्यांनी हॅचमधून छोटा आरसा आणि टॉर्च घातला. फिन बॉक्सच्या, म्हणजे फिन हलमध्ये जिथे बसते त्या खोबणीच्या, दोन्ही बाजूंना आत पांढरा रंग जरा जास्तच जाड दिसत होता. टोकाने खरवडला, खाली काळी विणलेली जाळी. कार्बन. फिन बॉक्स कधीतरी आपटून फुटलेला होता आणि कुणीतरी भरमसाट रेझिन ओतून कार्बनच्या कापडाने बांधला होता, अर्ध्या हलच्या लांबीपर्यंत. मजबूत आहे हो, पण हलमध्ये कार्बन म्हणजे विषय संपला. बल्ब नवा ओतता येतो, हे कापड काढायला गेलं तर हलच सोबत येईल.

स्टिकर त्यांनी सगळ्यात शेवटी उचकटला. खाली पॉलिश पेपरने घासलेला खडबडीत पट्टा, टॉर्च आडवा धरला की त्यात एका ७ चा पाय अजून दिसतो. स्टिकरवरच्या नंबरात ७ नव्हताच. त्या नंबरची चौकशी केली तर ती होडी दुसऱ्याच माणसाच्या नावावर, उत्तरेकडच्या एका क्लबात व्यवस्थित शर्यती खेळतेय. म्हणजे झेरॉक्स खऱ्या सर्टिफिकेटची, त्यावर मालकाचं नाव बदललेलं. नीट बघितलं तर नावाच्या रकान्यातली अक्षरं बाकीच्यांपेक्षा किंचित काळी आहेत. त्या खऱ्या मालकाला कळवलं तर बिचारा हादरला, त्याने म्हणे मागे विकायची म्हणून कुठेतरी सर्टिफिकेटचा फोटो टाकला होता आणि मग विकलीच नाही. तुम्ही विकत असाल तर कृपा करून असला फोटो उघडा टाकू नका, नंबरावर बोट ठेवा.

इतकं झाल्यावर विकणाऱ्याला शांतपणे मेसेज केला. दोन निळ्या टिक, मग ब्लॉक. फोन बंद.

आता पैशाचं. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज आहे म्हणून नीट लिहितो. यूकेत ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की तुम्हाला फसवून तुमच्याच हातून बँक ट्रान्सफर करून घेतला तर बँकेने पैसे परत द्यायचे, मर्यादा ८५,००० पाउंड, मागणी शेवटच्या पेमेंटपासून १३ महिन्यांत करायची. मी खुशीत फोन केला. बाई गोड होत्या, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, होडी तुम्हाला मिळाली का? हो मिळाली. मग सर, वस्तू मिळाली पण मनासारखी निघाली नाही, हा खाजगी सिव्हिल वाद, तो या नियमात बसत नाही. मनासारखी! म्हणजे होडी दिलीच नसती तर माझी केस भक्कम होती, भंगार दिलं म्हणून अडकली. त्याला हे पक्कं ठाऊक असणार, उगाच कोण पावसात पार्किंगमध्ये येऊन उभा राहतो.

मी सोडलं नाही. बनावट सर्टिफिकेट म्हणजे नुसता खराब माल नव्हे, मुळातच फसवायचा हेतू, असं लेखी कळवलं, मेजररचं पत्र आणि वजनाचे, फिलरचे, नंबराच्या पट्ट्याचे फोटो जोडले. बँकेचं अंतिम पत्र आलं, त्यातही उत्तर 'नाही'च. त्या पत्रापासून सहा महिन्यांच्या आत फायनान्शिअल ओम्बड्समनकडे जाता येतं, फुकट असतं, तिथे टाकलंय, बघू. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, नंबर मिळाला, त्यापुढे शांतता. स्मॉल क्लेम्सचा (छोट्या रकमेच्या दाव्यांचा) रस्ताही आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पाउंडापर्यंत, आणि खाजगी विक्री असली तरी माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे असं इथला कायदा म्हणतो, पण दावा ठोकायला समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे खात्यावरचं नाव आणि बंद पडलेला मोबाइल नंबर. बँक पत्ता देत नाही.

क्लबात सांगितल्यावर दोघांनी हळूच कबूल केलं की हाच काका वारलेला माणूस त्यांनाही भेटलाय, वेगळ्या नावाने, एकाला म्हणे आजोबा वारले होते. लाजेने कुणी बोललं नव्हतं. मला त्याचाच जास्त राग आला खरं तर.

परवा दुसरी आयओएम घेतली, क्लबातल्याच माणसाकडून, आधी एक रविवार तीच चालवून. मेजररने फिन सोडवून वेगळी तोलली, हॅचमध्ये नंबर हलवरच कोरलेला बघितला, स्टिकर नाही, आणि सर्टिफिकेटच्या नोंदीवरचा मालक तोच विकणारा आहे ना हे विचारून घेतलं, मग पैसे दिले. विकणाऱ्याला याचं काडीचं वाईट वाटलं नाही, उलट काटा त्यानेच धरला. ज्याला वाईट वाटेल त्याची होडी घेऊ नका. लांबच्या माणसाकडून घेत असाल तर त्याच्या घरी जा, किंवा तो ज्या क्लबात खेळतो म्हणतो त्या क्लबाच्या सेक्रेटरीला आधी एक ईमेल टाका, हे लोक उत्तर देतात, होड्यांबद्दल बोलायला मिळालं तर दोन पानी देतात.

त्या जुन्या होडीची शिडं आणि मास्ट धड निघाले, ते वापरतोय. हल शेडमध्ये आहे, त्यावर मेजररने जाड मार्करने कार्बन असं लिहून ठेवलंय म्हणजे उद्या माझ्यानंतर कुणी विकायला काढू नये. विकणारा अजून फिरतोय. गेल्या आठवड्यात एक जाहिरात दिसली, नाव वेगळं, होडी वेगळी, पण विंचचा फोटो तोच, ड्रमजवळ पिवळी टेप गुंडाळलेला. तो फोटो दिसला तर मला कळवा, तक्रारीच्या नंबरासकट पुढे पाठवतो.